बातम्या कुठून घेता, आणि मत कधी बदललं?

कृष्णाकाठ
दिवाळीत कराडला माहेरी गेले होते. बाबा आता ८२ चे, शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण सकाळी पेपर आला की अजूनही हातात बॉलपेन घेऊनच बसतात. बातमी पटली की समासात टिक, शंका आली की प्रश्नचिन्ह, आणि जपून ठेवायची असेल तर कापून वहीत चिकटवायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय. यावेळी माळा आवरताना त्यातली २०११ ची वही हाती लागली आणि तिच्यात चक्क माझंच पत्र निघालं. अण्णा हजारेंचं लोकपालसाठी दिल्लीत रामलीला मैदानावर उपोषण चालू होतं तेव्हा 'वाचकांची पत्रं' मध्ये छापून आलेलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, ऑफिस सुटलं की मेणबत्ती घेऊन मोर्च्याला जायचे. पत्रात मी ठामपणे लिहिलंय की लोकपाल आला की साठ-पासष्ट टक्के भ्रष्टाचार संपेल. त्या आकड्याखाली बाबांची रेघ, शेजारी प्रश्नचिन्ह आणि बारीक अक्षरात "हे कोणी मोजलं?"

चौदा वर्षं त्यांनी मला ते दाखवलं नाही. विचारलं तर म्हणाले, तू इतकी खूश होतीस की मला सांगवेना.

त्या रात्री झोप आली नाही. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये पास झाला आणि पहिले लोकपाल नेमले गेले थेट मार्च २०१९ मध्ये. ज्या गोष्टीसाठी मी घसा बसेपर्यंत ओरडले ती शेवटी झाली, आणि ती बातमी मी तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती! कारण मधल्या काळात माझं मत एकदा फिरलं होतं, पेपर बदलला होता, टीव्हीचं चॅनेल बदललं होतं. आणि त्यानंतर ते परत एकदा फिरलं. कुठून कुठे ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल. मला छळतंय ते वेगळंच. मी नीट आठवून बघितलं तर दोन्ही वेळा आधी मत बदललं आणि मग पेपर. म्हणजे पेपर वाचून माझं मत बनतं असं मी जन्मभर समजत होते ते खोटंच की! मत बनल्यावर मी त्याला शोभेल असा पेपर घरी लावत होते.

तुमचं काय? बातम्या कुठून घेता, तिथूनच का, आणि मत बदललं असेल तर नेमकं कशानं बदललं? आत्ताच्या पक्षांची भांडणं नकोत प्लीज, स्वतःचं सांगा.

द्राक्षबाग
ताई मनातलं लिहिलंत. मी निफाड तालुक्यातला, द्राक्ष आणि कांदा. आमच्याकडं मत कशानं बदलतं ते सांगतो, पट्टीनं. मार्केटला माल विकला की व्यापारी हिशोबाची पट्टी देतो ना, ती.

कांद्याचा भाव वाढला की टीव्हीवर पहिली बातमी, कांद्यानं रडवलं, गृहिणींचं बजेट कोलमडलं, माईक घेऊन भाजी मंडईत उभे. आणि भाव पडला की आतल्या पानात चार ओळी, तेपण कोणी ट्रॉली रस्त्यावर ओतली तर. मला आधी वाटायचं हे लोक आपले दुश्मन आहेत. नंतर कळलं की बातमी देणारा शहरात राहतो, त्याची बायको कांदा विकत घेते, त्याला ती बातमी खरीच वाटते. खोटं नाय बोलत तो, पण उभा दुसऱ्या बाजूला आहे. तेव्हापासून मी कोणती पण बातमी बघितली की पहिलं हे बघतो की सांगणारा विकत घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे की विकणाऱ्याच्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा आमच्या कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरलेला, लिलाव बंद पडले लासलगावला. मग डिसेंबरला निर्यातच बंद, ऐन लाल कांदा निघायच्या टायमाला. ती बंदी उठली मे २०२४ मध्ये, आमच्याकडचं मतदान तोंडावर आलं तेव्हा, आणि उठली तरी ४० टक्के शुल्क ठेवूनच. आमचे चुलते तीस वर्षं एकाच बाजूला मत टाकणारे, कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत, त्यांनी त्या वर्षी बदललं. त्यांना कोणत्या अँकरनं नाय बदललं, खिशात ती पट्टी घेऊन फिरायचे आणि काढून दाखवायचे.

मेघदूत_एनजे
कृष्णाकाठ, पत्राचं वाचून गलबलून आलं. मी एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहे, सकाळी उठल्यावर आधी ई-पेपर उघडते. माझा अनुभव असा की लांब राहून मत बदलतच नाही, उलट आणखी कडक होत जातं, कारण इथे बसून कांद्याची पट्टीही नाही आणि रस्त्यातला खड्डाही नाही, आहेत फक्त बातम्या. दर दोन वर्षांनी सांगलीला येते तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीशी तीन दिवस भांडण आणि चौथ्या दिवशी मी गप्प. ती तिथे राहते.

सिंहगडरोड
द्राक्षबाग, पण लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि लगेच नोव्हेंबरात २८८ पैकी २३० महायुतीला. सहा महिन्यांत तुमची पट्टी विसरलात का? मला तरी लोक फार विसराळू वाटतात.

द्राक्षबाग
दादा विसरलो नाय. आमच्याच घरात सांगतो. लाडकी बहीणचे दीड हजार आईच्या खात्यात यायला लागले. मी आईला म्हणालो अगं कांद्यात किती गेले ते बघ, त्यापुढं हे किती. आई म्हणाली, "कांद्याची पट्टी तुझ्या बापाच्या नावावर असती. हे पैसे माझ्या नावावर आलेत." मी काय बोलणार. साठ वर्षांची बाई, जन्मभर वावरात राबली, तिच्या नावानं पहिल्यांदा बँकेचा मेसेज आला, तो मला वाचून दाखवायला लावला तिनं. आता टीव्हीवर कोणी म्हणलं की लोक विकले गेले तर मला राग येतो, मग तो कोणत्या पण बाजूचा असूद्या. तिनं तिचा हिशोब केला, चुलत्यांनी त्यांचा केला. तुम्ही निकाल बघता, आम्ही घरातली माणसं बघतो एवढाच फरक.

सिंहगडरोड
खरंय. विसराळू हा शब्द मागे घेतो.

लालबाग_परळ
आमच्या घराची तीन पिढ्यांची गोष्ट आहे, जरा लांबेल.

आजोबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, लाल बावट्याचे म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे पक्के. चाळीत तेव्हा दहा खोल्यांत मिळून एक पेपर, पहिल्या पाळीवरून माणसं आली की गॅलरीत एकजण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत अत्र्यांचा 'मराठा' असाच वाचला जायचा, आजोबा म्हणायचे की अग्रलेख वाचून होईपर्यंत कोणी विडी पेटवायचं नाही. म्हणजे बातमी एकट्याने वाचायची गोष्टच नव्हती ती, वाचता वाचता कोणीतरी मधेच म्हणायचा की थांब, हे मी काल वेगळं ऐकलंय.

मग जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, त्या जागेवर पोटनिवडणूक लागली आणि वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. त्या निवडणुकीत आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाने सेनेला मत दिलं. दोघं एकाच खोलीत राहायचे, मधे पडदा, आणि दोन महिने बोलणं बंद. आजी दोघांना वेगवेगळं वाढायची.

वडलांचं मत फिरलं ते गिरणी संपानंतर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील तेव्हा गिरणीत बदली कामगार होते, परत बोलावणंच आलं नाही. ताईंनी विचारलंय नेमकं कशानं बदललं, तर मी वडलांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, तुझी आत्या केईएमला ॲडमिट होती, रक्त लागत होतं, रात्री दीडला सेनेच्या शाखेतली चार पोरं आली. युनियनच्या ऑफिसला तेव्हा कुलूप होतं. बस, एवढंच. युनियनचे लोक वाईट नव्हते हो, ते स्वतःच उपाशी होते, पण वडलांच्या डोक्यात ते कुलूप राहिलं. १९८८ ला 'सामना' निघाला तो पहिल्या दिवसापासून आमच्याकडे, म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात तसंच, आधी मत मग पेपर. आजोबांनी मात्र त्यांचा पेपर सोडला नाही, त्यामुळे मी दोन पेपरांच्या घरात वाढलो. एकाच मोर्च्याला एकात अलोट गर्दी आणि दुसऱ्यात तुरळक प्रतिसाद. मी शाळेतून येताना तो मोर्चा डोळ्यांनी बघितलेला असायचा! मला बातम्या वाचायला कोणी शिकवलं असेल तर त्या दोन पेपरांनी.

सगळं_बंद
माझं उत्तर थोडं वेगळं. २०२० मध्ये कोविडच्या बातम्यांनी मला रात्रीची धडधड व्हायला लागली, डॉक्टरांनी सांगितलं बातम्या बंद करा. टीव्ही काढला, पेपर काढला, ॲप काढली. खरंच शांत वाटलं आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की सगळे विकले गेलेत, काही मिस होत नाही.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, दाखवला गेला. हरकती-सूचना मागवल्याची नोटीस पेपरात येऊन गेली होती, मुदत संपल्यावर मला कळलं. माझ्या आईने लावलेली दोन आंब्याची झाडं त्या आखणीत जातायत. मी वाचत असतो तर निदान एक अर्ज तरी दिला असता. आता पेपर परत सुरू केलाय, मुख्य पान नाही वाचत, आतल्या नोटिसा वाचतो. मत वगैरे बनायचं तेव्हा बनेल.

माजी_वार्ताहर
बराच वेळ विचार केला लिहू की नको. मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी ११ वर्षं वार्ताहर होतो. पेपरचं नाव सांगणार नाही, आणि जे सांगतोय ते एकाच पेपरात होतं असंही नाही.

तालुका प्रतिनिधीला मिळतं ते मानधन नावाला. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पेपर आपल्याला ज्या किमतीला मिळतो तेवढ्यात कागदाचा खर्चही निघत नाही, बाकी सगळं जाहिरातीतून काढायचं असतं. म्हणजे ज्या पुढाऱ्याबद्दल मी बातमी लिहायची त्याच्याच वाढदिवसाच्या पुरवणीसाठी मी त्याच्या दारात बसायचं. एकदा नव्या रस्त्याची बातमी केली होती, पहिल्याच पावसात डांबर हाताने निघत होतं, मी स्वतः जाऊन पोपडा उचलून फोटो काढला. संध्याकाळी ऑफिसमधून फोन, ठेकेदार कोणाचा पाहुणा आहे माहितीये ना, पुढच्या महिन्यात पुरवणी आहे. छापून आलं ते चार ओळीत, "रस्त्याच्या दर्जाबाबत नागरिकांत चर्चा". फोटो नाही. तो पोपडा माझ्या टेबलाच्या खणात कितीतरी दिवस पडून होता.

पण हे ऐकून सगळंच टाकाऊ समजू नका. त्याच पेपरात माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने टँकर घोटाळा काढला होता आणि तो छापला गेला, कारण त्या वेळचा संपादक मागे उभा राहिला. एकाच पेपरात दोन्ही चालतं. म्हणून मी पेपरावर विश्वास ठेवत नाही आणि अविश्वासही नाही, बातमीवर ठेवतो. वर नाव कोणाचं आहे ते बघतो. नुसतं "प्रतिनिधी" असेल आणि भाषा फार गुळगुळीत असेल तर ती बहुतेक कोणीतरी पाठवलेली प्रेस नोट, जशीच्या तशी. आरोप असेल तर ज्याच्यावर आहे त्याला फोन केला होता का ते शोधतो. कोपऱ्यात बारीक टाइपात "जाहिरात" लिहिलंय का ते बघतो, कधी कधी तेही नसतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या मोठ्या मराठी पेपरांत शब्दही न बदलता आला होता, पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त उघड केलं, पुढे प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर समितीही नेमली. आम्ही तालुक्याला ते वाचलं तेव्हा कोणाला धक्का बसला नव्हता, हेच मला जास्त लागलं.

आणि एक गोष्ट लोक कधीच वाचत नाहीत. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला पेपरात एक रटाळ चौकट यायची, फॉर्म नंबर ४. मालक कोण, प्रकाशक कोण, एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल कोणाचं, सगळं त्यात. जुना अंक सापडला तर बघा. मी वाचायचो आणि मग वर्षभर काय छापून येत नाही ते समजायचं.

साक्रीची_लेक
वरचं सगळं पेपरबद्दल आहे. माझ्या माहेरच्या भागात पेपर पोचायच्या आधी फोन पोचला.

१ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हिडिओ कितीतरी दिवस फिरत होते, माझ्या आईच्या फोनवर आले होते, तिने मला पुढे पाठवले आणि मी, शिकलेली बाई, बँकेत नोकरी करणारी, मी ते माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. काळजीने टाकले हो. त्या रविवारी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसं, भिक्षा मागत फिरणारी. पाच.

मला माहितीये की माझा मेसेज त्या गावात गेला नसेल. पण तसाच कोणाचा तरी गेला ना. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मी स्वतःसाठी त्याच्या आधीच ठरवलं की ज्याच्याकडून आलंय त्याला फोन करून विचारायचं, तुला कोणी सांगितलं? आईला विचारलं होतं. तिला मावशीने, मावशीला तिच्या जावेने, जावेला दूधवाल्याने, आणि दूधवाला म्हणाला असंच आलं. तिथे साखळी संपली. कृष्णाकाठ, तुमच्या बाबांचं "कोणी मोजलं" वाचलं आणि हातातलं काम ठेवून हे लिहायला बसले.

ओंकार_लातूर
मी इथला बहुतेक सगळ्यात लहान, २६. पुण्यात पेठेत राहून एमपीएससी करतोय. पेपर वाचतो पण खरं सांगायचं तर पॉइंट काढायला वाचतो, बाकी जगात काय चाललंय ते यूट्यूब आणि रीलवरून. आणि मला नाही वाटत ते वाईटच आहे, आमच्या गावच्या पीक विम्याचा विषय कोणत्याच मोठ्या चॅनेलने घेतला नव्हता, एका पोराने मोबाईलवर बांधावर उभं राहून घेतला.

पण एक प्रसंग. सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीचार्ज झाला तेव्हा मी आणि माझा रूममेट एकाच खोलीत, एकाच वायफायवर. मी मराठा, तो ओबीसी. तीन-चार दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोलेना. एका रात्री मेस बंद झाल्यावर चहाला गेलो आणि त्याने त्याचा फोन माझ्यासमोर टेबलवर ठेवला, म्हणाला बघ. मी माझा ठेवला. एकपण व्हिडिओ कॉमन नव्हता. माझ्याकडे सगळे रक्ताळलेले चेहरे आणि गावातल्या बायकांच्या मुलाखती, त्याच्याकडे आमचं जातंय आता असं सांगणारी भाषणं. मला त्याची भीती दिसलीच नव्हती आणि त्याला आमचा मार दिसला नव्हता, आणि आम्ही एकाच स्टोव्हवर पोहे करतो.

मग आम्ही काय केलं तर सुप्रीम कोर्टाचा मे २०२१ चा निकाल, ज्यात मराठा आरक्षण रद्द झालं, तो अभ्यासाच्या निमित्ताने दोघांनी मिळून वाचायला घेतला. पूर्ण नाही झाला, खूप मोठा आहे. पण पन्नास टक्क्यांची मर्यादा कुठून आली आणि अपवादात्मक परिस्थिती म्हणजे काय यावर आम्ही रात्र रात्र बोललो. माझं मत बदललं का, तर आरक्षण मिळावं असंच मला अजून वाटतं, त्याला अजून वाटतं की त्यांच्या कोट्यातून नको. पण आता कोणी त्याच्या समाजाबद्दल काही पाठवलं तर मी आधी त्याला दाखवतो. तोही दाखवतो.

लालबाग_परळ
ओंकार, तुझं वाचताना आमची चाळीची गॅलरी आठवली. मोठ्याने वाचायचं आणि शेजारच्याने मधेच थांबवायचं. करत राहा रे पोरांनो.

कृष्णाकाठ
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. साक्रीची_लेक, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

मागच्या आठवड्यात पुन्हा कराडला गेले तेव्हा आख्खा धागा प्रिंट काढून बाबांना दिला. त्यांनी दोन दिवस घेतले. बाबा १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाला मांडवात होते, आणीबाणी चालू होती, व्यासपीठावर यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. बाबा सांगत होते की मीही उभा राहिलो आणि पाय लटपटत होते, सरकारी अनुदानावरची शाळा, बायको, पोरगी. आपण कानांनी ऐकलेलं कागदावर किती उतरतं हे ते तेव्हापासून ताडून बघायला लागले आणि पेनाची सवय तिथून लागली. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

प्रिंट परत मिळाली ती अशी. द्राक्षबाग, तुमच्या आईच्या वाक्याला दोनदा टिक. राईनपाड्याच्या शेजारी काहीच खूण नाही, फक्त कागद तिथे दुमडलाय. माझ्या पहिल्या पोस्टवर प्रश्नचिन्ह, "आधी मत मग पेपर" याच्याखाली, आणि लिहिलंय "मग मत कुठून आलं?" त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. आणि माजी_वार्ताहर, तुमच्या जाहिरातीच्या ओळीशेजारी पण आहे एक. "कमिशन किती? लिहिलेलं नाही."

माजी_वार्ताहर
काकांना नमस्कार सांगा. मला १५ टक्के मिळायचं, तेही जाहिरात देणाऱ्याकडून पैसे वसूल झाल्यावर. वाढदिवसाच्या पुरवणीची वसुली दोन-दोन वर्षं चालायची, आणि तोपर्यंत त्या माणसाविरुद्ध लिहिणं मला परवडायचं नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं.